पोट म्हणजे नुसती पिशवी नव्हे

आपल्या आरोग्य शिबिरांत बायका सगळ्यात जास्त कोणता शब्द वापरतात, ते एकदा मोजून पाहा. तो शब्द आहे 'पोट'. पोटात दुखतं, पोट धरत नाही, पोट साफ होत नाही, पोट पाडलं, पोटाचं ऑपरेशन झालंय. बोलणाऱ्या बाईच्या मनात ह्या शब्दाचे दहा अर्थ असतात. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत त्यातला एकच पोचतो, गर्भाशय. नर्सबाई विचारतात, "पाळी कधी आली होती?" डॉक्टर विचारतात, "मुलं किती? ऑपरेशन झालंय का?" रजिस्टरमध्येही तेवढेच रकाने असतात. ह्याच पोटात वीस-बावीस फूट लांबीचं आतडं आहे, तेही आजारी पडतं आणि त्याच्या आजाराने बाईचं घर, काम, लग्न सगळं हलू शकतं, ह्याची नोंद करायला कुठे जागाच नाही.

आपल्या चळवळीने गर्भाशयाचा प्रश्न लावून धरला आणि तो धरायलाच हवा होता. गर्भलिंगचाचणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, तो बायका रस्त्यावर आल्या म्हणून. इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांविरुद्ध आपण कोर्टात गेलो. बाई म्हणजे मुलं जन्माला घालणारं यंत्र नाही, हे घसा फोडून सांगितलं. पण आपल्या पुस्तिका, तक्ते, शिबिरांचे विषय काढून बघा. बाईच्या शरीराचं चित्र बहुतेक वेळा बेंबीखाली सुरू होतं आणि मांड्यांपाशी संपतं. सरकारला तिचं जे दिसतं तेच आपल्यालाही दिसतं. आपण फक्त त्याच्याविरुद्ध बोलतो, एवढाच फरक.

हे मी लिहिते आहे ते वळसंगमधल्या एका बाईमुळे. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना कुंभारी मागे पडलं की वळसंग येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे मोठं गाव. इथे मराठी आणि कन्नड एकाच ओट्यावर, एकाच वाक्यात बोलतात. ह्या पट्ट्यात घरोघर विड्या वळल्या जातात. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली, तीही लढूनच. पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. ह्या बैठ्या कामात उठणं परवडत नाही. उठलं की हजारातल्या तेवढ्या विड्या कमी.

आणि ह्या बाईला दिवसातून आठ-दहा वेळा उठावं लागत होतं.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. धाकटी मुलगी वर्षाची होत होती. शौचाला पातळ होऊ लागलं, मग शेम पडू लागली, मग रक्त. तिला वाटलं, बाळंतपणात जोर केल्यामुळे मूळव्याध झाली असेल. सासूला सांगायची सोय नव्हती, नवऱ्याला सांगायची लाज होती. तिने स्वतःपुरता उपाय काढला, रात्रीचं जेवण बंद केलं. पोटात काही गेलंच नाही तर रात्री उठावं लागणार नाही. तरी उठावं लागायचंच. गावातल्या डॉक्टरांनी आव म्हणून गोळ्यांचा कोर्स दिला. थोडं थांबलं, महिन्याने पुन्हा सुरू झालं. पुन्हा तोच कोर्स. असे किती कोर्स झाले ते तिलाही सांगता येत नाही. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्या खाली. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रक्त कुठून जातंय, असं कुणी विचारलं नाही. बाईचं रक्त कमी म्हणजे पाळीतून जात असणार, हे जणू आधीच ठरलेलं. 'मूळव्याध-भगंदर, बिनटाक्याचा इलाज' असा बोर्ड लावलेल्या एकाने पुड्या दिल्या. त्यांनी तिला महिनाभर फार बरं वाटलं, चेहराही भरला. पुड्या संपल्या आणि आजार दुपटीने उलटला. (असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं, हे कितीदा तरी उघडकीला आलं आहे.) शेवटी एका खासगी दवाखान्यात सल्ला मिळाला, "पिशवीला सूज आहे, काढून टाकू. मुलं झालीच आहेत."

ही गोष्ट तिच्या एकटीची नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या गाजल्या की २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांना नेमके कोणते आजार होते, हे मी इथे बसून सांगणार नाही. पण पोटात दुखतंय म्हणणाऱ्या तरुण बाईची पिशवी काढून मोकळं व्हायचं, ही रीत आपल्याकडे किती मुरली आहे, हे त्यातून दिसलं. आमच्या वळसंगच्या बाईची पिशवी वाचली, ती कुणाच्या शहाणपणामुळे नाही. ऑपरेशनचे पैसे जमले नाहीत म्हणून वाचली.

चार वर्षांनी, चालता चालता चक्कर येऊन पडल्यावर, सोलापूरला तिची दुर्बिणीतून तपासणी झाली. शौचाच्या जागेतून नळी घालून मोठं आतडं आतून पाहिलं, तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस.

मैत्रिणींनो, नाव अवघड आहे, आजार समजायला तितका अवघड नाही. आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. काही माणसांत ती आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि तिथे सूज येते, जखमा होतात. हा दाह फक्त मोठ्या आतड्यात, गुदद्वारापासून वर चढत गेलेला असेल तर तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, तुकड्यातुकड्याने आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर असेल तर तो क्रोन्स डिसीज. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टर क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. दोन्ही मिळून डॉक्टर आय.बी.डी. म्हणतात. हे आजार बहुधा ऐन तरुणपणी सुरू होतात, म्हणजे लग्न, बाळंतपण, अंगावरची मुलं ह्याच वयात. ते संसर्गजन्य नाहीत. एका ताटात जेवल्याने, एका संडासात गेल्याने लागत नाहीत. तिखट खाल्ल्याने, करणीने किंवा चिडचिड्या स्वभावाने होत नाहीत. पूर्ण मुळापासून जात नाहीत, पण औषधांनी वर्षानुवर्षं शांत राहू शकतात. मधुमेहासारखं समजा, सांभाळायचं आणि जगायचं.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स ह्यांची लक्षणं, दुर्बिणीतलं चित्र, कधीकधी तुकड्याचा रिपोर्टसुद्धा जुळ्या बहिणींसारखा दिसतो. त्यामुळे क्रोन्सच्या कितीतरी रुग्णांना आधी महिनोन्‌महिने क्षयाची औषधं मिळतात. क्षय इतका पसरलेल्या देशात डॉक्टरांचा नाइलाज असतो, हे मान्य. पण दोन-तीन महिन्यांत फरक दिसत नसेल तर पुन्हा तपासणी मागायची, हे रुग्णाला कुणी सांगत नाही. उलट "गोळ्या नीट घेत नसशील" असं ऐकवलं जातं.

"हे शहरातल्या श्रीमंतांचे आजार, आपल्याकडे कुठले?" असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यात लाखामागे सुमारे चव्वेचाळीस माणसांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. पंजाबचा आकडा सोलापूरला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एका तालुक्यात शे-पन्नास माणसं असू शकतात, एवढं तरी त्यावरून म्हणता येतं. मग आमच्या तालुक्यातली ती माणसं कुठे आहेत? माझ्या मते ती 'आव', 'मूळव्याध', 'अशक्तपणा' आणि 'पिशवीची सूज' ह्या चार नावांखाली गाडली गेली आहेत.

शोधायला यंत्र लागत नाही. दिवसात किती वेळा जावं लागतं, झोपेतून उठून जावं लागतं का, रक्त किंवा शेम दिसते का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. झोपेतून उठवणारे जुलाब नुसत्या काळजीने किंवा अपचनाने सहसा होत नाहीत. रक्त-शेम महिना-दीड महिना टिकली तर कोर्सवर कोर्स न घेता दुर्बिणीची तपासणी मागायची. माझं कन्नड मोडकं आहे, पण हे तीन प्रश्न मी पाठ केले आहेत. पाळीबद्दल मोकळेपणाने बोलणाऱ्या बायकाही शौचाबद्दल विचारलं की पदर तोंडाला लावतात. पाळीची लाज आपण पंचवीस-तीस वर्षं खपून थोडी कमी केली. विष्ठेची लाज अजून कोरी आहे.

आता औषधांविषयी. ह्या आजाराच्या दोन मोठ्या औषधांमागे बायका आहेत, हे कळल्यावर मला उगीचच आनंद झाला होता. सल्फासॅलॅझिन हे औषध घडवलं नाना स्वार्ट्झ ह्या स्वीडनच्या डॉक्टरबाईंनी. सरकारी विद्यापीठात प्राध्यापक होणाऱ्या त्या त्यांच्या देशातल्या पहिल्या बाई, १९३७ साली. त्या सांधेदुखीवर औषध शोधत होत्या, गुण आला आतड्याला. दुसरं ॲझाथायोप्रीन. ते गर्ट्रूड एलियन आणि त्यांचे सहकारी हिचिंग्ज ह्यांच्या प्रयोगशाळेतलं. बाई म्हणून उमेदीत ज्यांना संशोधनाची नोकरी मिळेना, त्या एलियनना १९८८ साली नोबेल मिळालं. आज सल्फासॅलॅझिनच्या कुळातलं मेसालामिन जास्त वापरतात. पण सल्फासॅलॅझिन स्वस्त आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. सल्फाची ॲलर्जी नसेल आणि सोसत असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला संकोच नको. सोबत फॉलिक ॲसिड घ्यावं लागतं.

औषध लिहून दिलं की उपचार झाला, असं दवाखान्याला वाटतं. खरा उपचार घरात होतो आणि घर बाईचं नसतं. आमच्या बाईला गोळ्यांबरोबर रात्री झोपताना घ्यायचा एनिमा लिहून दिला होता. शौचाच्या जागेतून औषध घ्यायचं आणि डाव्या कुशीवर पडून राहायचं. आजार शेवटच्या भागात असेल तर हे औषध गोळीइतकंच, कधी जास्तच लागू पडतं. पण एका खोलीत सहा माणसं झोपतात. ती औषध कुठे घेणार? तिने ते दोन महिने ट्रंकेत ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, 'पेशंट सहकार्य करत नाही.' शेवटी शेजारच्या म्हातारीने आपली मागची खोली रात्री अर्धा तास मोकळी करून दिली. हा तोडगा कुठल्या वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही.

जोर वाढला तेव्हा स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या जीव वाचवतात. पण तोंड चंद्रासारखं गोल होतं, ओठांवर लव येते, पुटकुळ्या येतात. गावात म्हणाले, "बरी झाली की, सुटली." नवरा म्हणाला, "तोंड कसं झालंय बघ." तिने गोळ्या एकदम बंद केल्या. हे फार धोक्याचं आहे. शरीर तोवर स्वतःचं संप्रेरक बनवणं थांबवून बसलेलं असतं, त्यामुळे ह्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच उतरवायच्या. आणि त्या कायमच्या नसतात. सांभाळायला पुढे मेसालामिन किंवा ॲझाथायोप्रीन असतं. ॲझाथायोप्रीनवर असताना ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी करावीच लागते, कारण पांढऱ्या पेशी घटू शकतात. बरं वाटलं म्हणून औषध सोडणं, हे आजार उलटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. बाईच्या बाबतीत तर घरच ठरवतं की आता बरी आहेस, पैसे कशाला घालवायचे.

विडी वळणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पाठ-कंबर मोडते म्हणून दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, झोपलेला आजार उठवू शकते. पॅरासिटामॉल त्यामानाने बरी. ही साधी गोष्ट त्या बाईला पाचव्या वर्षी कळली.

जेवणाबद्दल प्रत्येकाकडे सल्ला असतो. दूध बंद, तूर बंद, भाकरी बंद, शेंगाची चटणी तर नावच नको. आधीच शेवटी जेवणारी, उरलंसुरलं खाणारी बाई ह्या सल्ल्यांनी आणखी वाळते. आजार पेटलेला असेल तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेल्या भाज्या. कच्चं आणि जाडंभरडं थोडे दिवस बाजूला. आजार शांत झाला की घरात सगळे खातात तेच खायचं, भाकरीसकट. ज्याने स्वतःला त्रास होतो तेवढंच टाळायचं. तिला अंडं हवं, डाळ हवी, दही सोसत असेल तर दही हवं. तिच्यासाठी वेगळं कोण शिजवणार? तीच. आणि त्यावर "स्वतःपुरतं बरं करून खाते" हेही ऐकणार तीच.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मुलाबाळांच्या प्रश्नावर. आजार शांत असेल तर ह्या बायकांना इतर बायकांसारखेच दिवस जातात, बाळंतपणही बहुतेकींचं नीट होतं. सल्फासॅलॅझिन, मेसालामिन, ॲझाथायोप्रीन ही औषधं दिवस राहिल्यावर सहसा चालू ठेवतात. धोका औषधापेक्षा पेटलेल्या आजाराचा जास्त असतो. मेथोट्रेक्सेट मात्र दिवस राहण्याच्या आधीच बंद करावं लागतं आणि नव्या गोळ्यांपैकी टोफॅसिटिनिब गरोदरपणात टाळतात. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलायचं. आता दुसरी बाजू. सल्फासॅलॅझिनने पुरुषाची शुक्रजंतूंची संख्या घटते. औषध बदललं की दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. म्हणजे नवऱ्याला हा आजार असेल, तो हे औषध घेत असेल आणि मूल होत नसेल, तर कारण त्याच्या गोळीत असू शकतं. उपवास, नवस, तपासण्या आणि माहेरी परत पाठवण्याची धमकी मात्र बायकोच्या वाट्याला. कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे वाक्य वहीत लिहूनच ठेवावं.

संडासाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'ची मोहीम झाली. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधायचे आदेश दिले. गावं २०१९ पर्यंत कागदावर हागणदारीमुक्त झाली. पण घाई लागल्यावर ज्या बाईच्या हातात दोन मिनिटं असतात, तिच्यासाठी हा प्रश्न सोयीचा उरत नाही, तो कोंडून राहण्याचा होतो. ती एसटीत बसत नाही, लग्नाला जात नाही, रोजगार हमीवर जात नाही. विडी जमा करायला जायच्या दिवशी आमची बाई आदल्या रात्रीपासून उपाशी राहायची, कारण रांगेत तासन्‌तास उभं राहायचं आणि आडोसा नाही. घरी संडास आहे, पण नळाला पाणी काही दिवसांआड. दिवसाला दहा वेळा म्हणजे किती बादल्या? आणि त्या भरून आणणार कोण, तर हिमोग्लोबिन सात असलेली बाई. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे ह्यांना हाच आजार होता. २०२० साली त्यांनी ह्याच कारणाने राजीनामा दिला आणि जगाने हळहळ व्यक्त केली. विडीच्या सुपाचा राजीनामा कुणाकडे द्यायचा?

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. हा आजार दाखल होऊन संपत नाही, तो रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या मागतो. कंपनीच्या मेसालामिनचा महिन्याचा खर्च हजार-दोन हजारांच्या घरात सहज जातो. विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर होता, त्यातून दवाखाने चालत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. संघटनांनी मजुरीच्या मागणीबरोबर रोजच्या औषधांची मागणीही पत्रकात घातली पाहिजे. जिल्हा रुग्णालयात सल्फासॅलॅझिन, मेसालामिन, ॲझाथायोप्रीन कायम मिळालं पाहिजे, रक्ततपासणी फुकट झाली पाहिजे. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही महागडी इंजेक्शनं आता भारतीय कंपन्याही बनवतात. ती गरिबाच्या आवाक्यात आणायची लढाई मोठी आहे (आणि ती देण्याआधी दडलेला क्षय तपासावाच लागतो), पण ती नंतरची. आधी साधी गोळी तरी मिळू दे. आणि दिवसात सहाच्या वर रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हे गावातल्या प्रत्येक आशाताईला माहीत असलं पाहिजे.

वळसंगची बाई आता एकतीस वर्षांची आहे. दिवसातून दोनदा जाते, हजारभर विड्या वळते, हिमोग्लोबिन अकरावर आलं आहे. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग आजारी असेल तर आठेक वर्षांनंतर कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून तेव्हापासून ठरावीक अंतराने दुर्बिणीची तपासणी करत राहायची असते. तिचं आठवं वर्ष येत्या दिवाळीत भरेल. तपासणीच्या आदल्या रात्री आतडं रिकामं करायचं औषध प्यावं लागतं आणि रात्रभर संडासात ये-जा होते. त्या रात्रीचं पाणी कोण कोण भरून ठेवणार, हे तिच्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ठरायचं आहे.